एक इकडचा, एक तिकडचा

माझी सून प्रणाली मला खेळताना नेहमी टोकते. मुलाने वर्ध्याच्या घरी टीव्हीला जोडायचा गेम आणला आहे. त्यात दोन वेगवेगळ्या खेळांतले लढवय्ये एकाच आखाड्यात उतरतात आणि एकमेकांना बदडतात. आपण त्यातले दोघे निवडायचे. एक लढतो, तो दमला की दुसरा आत उडी मारतो. प्रणाली ज्यांच्यात जोर जास्त असे दोघे बघून घेते. मी मात्र एक या खेळातला आणि एक त्या खेळातला असेच घेते. "आई, एकाच बाजूचे दोघं घ्या ना, त्यांचं आपसात जमतं," असं ती समजावते. मी मान हलवते आणि पुन्हा एक इकडचा, एक तिकडचा घेते. परवा तिने रिमोट खाली ठेवला आणि विचारलं, "हे नेमकं काय आहे? नवस आहे का तुमचा?" मी हसले आणि कुकर बघायला निघून गेले. समोर बसून एवढं लांब मला सांगता येत नाही, अजूनही नाही. म्हणून दुपारी घरात कोणी नसताना लिहिते आहे.

माझं माहेर तळेगावचं, श्यामजी पंताच्या तळेगावचं. घर बाजाराच्या रस्त्यालगत. पुढे टिनाची छपरी, मग मधली खोली, मागे चूल, आणि चुलीच्याही मागे भाजी धुवायचं सिमेंटचं टाकं. गावाबाहेर विहिरीचं लहानसं वावर होतं. त्यात वांगी, मेथी, मिरची आणि सगळ्यात जास्त सांभार, म्हणजे दुसरीकडे ज्याला कोथिंबीर म्हणतात तो. आमच्या घराला सांभाराचाच वास असायचा. अंगावरच्या कपड्यांना, पांघरुणाला, इतकंच काय शाळेत होते तेव्हा माझ्या पाटीलाही. चौथीनंतर शाळा सुटली आणि मी टाक्यापाशी बसले. काम एकच, जुड्या बांधायच्या. उपटलेला सांभार पाण्यात हिसळायचा, मुळं एका रेषेत आणायची, ओली सुतळी भोवती फिरवायची आणि अंगठ्याने खालून पुढे असा एक पिळा द्यायचा की गाठ न मारताही जुडी सुटत नाही. हा पिळा मला आईने शिकवला. आई बोलत बोलत बांधायची, मी न बोलता बांधायची, त्यामुळे माझ्या जुड्यांचा ढीग तिच्याहून उंच असायचा. मग ती भाकर, वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी पुढ्यात सरकवायची आणि म्हणायची, "खाय व बाप्पा, हात तं थांबव." ती चटणी मी आता मिक्सरमध्ये करते. चव येते, पण पाट्यावर घासण्याचा तो घर्र आवाज येत नाही आणि त्याच्याशिवाय मला ती अर्धीच वाटते.

माझा मोठा भाऊ, सुधाकरदादा, भाजीच्या मेटाडोरवर नागपूरला जायचा. भाजी उतरवून रिकामे क्रेट घेऊन परत यायचं, हा त्याचा नेम. एके दिवशी मेटाडोर दारात थांबली आणि क्रेटांच्या मध्ये दोऱ्या बांधलेली, माणसाहून उंच, काळी पेटी दिसली. आई पदराला हात पुसत धावत बाहेर गेली.

"कपाट आणलं वाट्टे माह्या लेकानं!"

"कपाट नोहे माय. गेम हाय," दादा म्हणाला.

"कायचा गेम?"

"मारामारीचा."

"काऊन, घरी कमी पडत होती का?"

नागपूरचं एक गेमचं दुकान बंद होत होतं, तिथून दादाने ती उचलली होती. बाबा दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. पेटी मधल्या खोलीच्या दारातून आत जाईना आणि आता परत नेणार कोण, म्हणून ती छपरीतच राहिली. तोंड रस्त्याकडे. बाजाराला आलेली पोट्टी बापाच्या हातून निसटून आमच्या छपरीत घुसायला लागली आणि दादाचं दुकान आपोआप सुरू झालं. पुढे एक काच, काचेखाली दोन दांडे, प्रत्येक दांड्याजवळ बटणं. कोणी खेळत नसलं तरी पेटी स्वतःशी गात असायची. सुरुवातीला आईने कानात बोळे घातले. महिनाभरात ती भाकरी थापताना तेच गाणं गुणगुणायला लागली, आणि ते कुठलं आहे हे तिला विचारलं की म्हणायची, "जुनं हाय, माह्या माहेरचं."

आता त्या नियमाचं सांगते. पेटी सुरू झाली त्या पहिल्या संध्याकाळी दादा सगळ्यांना दाखवत होता. "नागपूरवाल्यानं सांगतलं, ह्याच्यात दोन गेमचे लोक हायेत. पयले ह्यायचं मशीन येगळं होतं, त्यायचं येगळं. आता एकत्र आणले." काचेवर लढवय्यांचे चेहरे मांडलेले दिसत होते, अर्धे डावीकडे, अर्धे उजवीकडे. बाबा दाराच्या चौकटीला टेकून तंबाखू मळत होते. ते दोन दिवसांनी पहिल्यांदा बोलले.

"म्हंजे दोन घरचे हायेत."

"हो बाबा, दोन घरचेच समजा."

"मंग तू एकाच घरचे दोघं काऊन घेऊन राह्यला?"

दादाने खरंच उजवीकडचे दोघे घेतले होते. त्याने बाबांकडे लक्ष न देता बटण दाबलं आणि नेमकी त्याच क्षणी लाईन गेली. पेटी काळी पडली, गाणं तुटलं. अंधारात बाबांचा आवाज आला, "पाह्यलं?"

लाईन तर आमच्याकडे रोजच जायची. पण पेटी नवी होती, तिच्यात काय आहे कोणालाच ठाऊक नव्हतं. पुन्हा लाईन आल्यावर त्याने भीत भीत एक इकडचा आणि एक तिकडचा घेतला. पेटी छान चालली. बाबा म्हणाले, "सोयरीक हाय ते. एका घरचे दोघं सोयरे कसे होतीन?" दुसऱ्या दिवशी दादाने पुठ्ठ्यावर लाल रंगाने लिहून काचेच्या वर टांगलं: 'एका घरचे दोघे घेऊ नये. मशीन बिघडते.' तळेगावच्या एकाही पोट्ट्याने त्यावर शंका घेतली नाही. उलट त्यांनाही ते पटलं. लढवय्ये निवडण्याला सगळे 'सोयरीक लावणं' म्हणायला लागले. "सोयरीक लाव ना बे लवकर, बाजार उठून राह्यला," असा ओरडा मला मागे टाक्यापर्यंत ऐकू यायचा. लढवय्यांची इंग्रजी नावं कोणाला येत नव्हती, म्हणून त्यांनाही इकडचीच नावं पडली. जाड मानेचा तो बैलमान्या. उभ्या केसांचा तो खराटा. लांब वेणीची, पायाने मारणारी, तिला सगळे वहिनी म्हणायचे, आणि वहिनी ज्याच्याकडे असेल त्याला बाकीचे जरा जपून चिडवायचे.

माझ्या हाती तो दांडा सकाळी लागायचा. भाजी गेली, दादा झोपलेला, रस्ता मोकळा. नाण्याच्या खाचेच्या आत एक पत्ती होती, ती बोटाने दाबली की गेम चढायचा. दांडा धरला आणि माझ्या अंगठ्याला ते ओळखीचं वाटलं. खालून पुढे असा पिळा दिला की वहिनीच्या हातून आगीचा गोळा सुटायचा. बाजारातली पोट्टी त्याच्यासाठी दांडा गरागरा फिरवायची, खांद्यापासून हलायची. मला तर सांभाराची जुडी बांधल्यासारखं होतं ते. पुढे दादाला कळलं आणि तो गिऱ्हाईक नसलं की मला हाक मारायचा. मग पोट्टीही माझ्याशी खेळायला लागली. त्यात मला लाज वाटत नव्हती, हे मलाच नवल होतं. माणसं समोर असली की माझी जीभ टाळूला चिकटते. पण पेटीपाशी सगळ्यांची तोंडं काचेकडे असतात, कोणी कोणाचं तोंड पाहत नाही. तिथे मी बोलायची. हळू, पण बोलायची. "आता येजो पुढं," "वाचला रे वाचला," असं. काचेशी बोलावं तसं.

बाकी ठिकाणी मात्र माझं काही खरं नव्हतं. बाजारात आई दुकान मांडायची आणि मी तिच्या पाठीमागे बसून जुड्या पुढे सरकवायची. त्याच वर्षी मला पाहायला पाहुणे यायला लागले. तुकाराममामा, म्हणजे आईचा भाऊ, स्थळं आणायचा. पहिल्या पाहुण्यांनी नाव विचारलं. मी तोंड उघडलं आणि आतून हवा आली, आवाज नाही. दुसऱ्यांच्या वेळी हवाही आली नाही. त्या दुसऱ्यांनी मामाजवळ निरोप दिला, "पोरगी मुकी तं नाई ना जी?" हा निरोप मामा आमच्या घरी हळूच सांगायच्या ऐवजी बाजारात मोठ्याने सांगून बसला, कारण मामाला हळू बोलता येत नाही. झालं. पुढच्या बाजाराला एक काकू आल्या, त्यांनी माझ्याकडे बघून दोन बोटं वर केली, मग सांभाराकडे बोट दाखवलं, मग भुवया उंचावल्या. म्हणजे दोन जुड्या कशा दिल्या. आता खरं तर मी तोंडाने सांगायचं. पण हाताने सांगणं इतकं सोपं होतं की मीही बोटं दाखवली. काकूंनी जीभ चुकचुकवली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि एक जुडी जास्त घेतली. त्या दिवसापासून अर्धा बाजार माझ्याशी हातवारे करायला लागला आणि मीही करत राहिले. आईने कपाळावर हात मारला. "बोल ना व माय, बोल! धंदा वाढून राह्यला, पण तू तं बुडून राह्यली!"

हे इथपर्यंत हसण्यासारखं होतं. मग मामाने आष्टीकडचा एक बिजवर सांगून आणला. बायको वारलेली, पोरं मोठी, थोरल्याला मिसरूड फुटलेलं. त्याने म्हणे मी मुकी असल्याचं ऐकलं होतं आणि त्याची काही हरकत नव्हती. मामाने त्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले: "मुकी असली तरी चालते. उलट बरंच हाय, घरात शांती राहीन." आई चुलीपाशी उठून गेली. बाबांनी तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाले, "वडनेरचे पाहुणे येऊन राह्यले ना? ते पाहून जाऊ दे. त्यायनं बी तेच म्हटलं तं मंग आष्टीवाल्याले हो म्हणून टाकू. किती दिवस घरी ठेवाव?" बाबा दुष्ट नव्हते. त्यांनाही माझा आवाज बाहेरच्या माणसासमोर कधी ऐकू आला नव्हता. मी त्या दिवशी टाक्यापाशी बसून जुड्या बांधल्या त्या सगळ्या सुटल्या. मनात एकच चाललं होतं, नाव सांगायचं आहे फक्त. कुंदा. दोन अक्षरं आहेत, ती सांगता आली पाहिजेत.

आईने माझ्यासोबत एक खूण ठरवली. पाहुण्यांनी काही विचारलं की ती मागून पाठीला चिमटा काढणार, आणि चिमटा बसला की मी बोलायचं, काय वाट्टेल ते होवो. दोन दिवस आम्ही सराव केला. मी भाजी निवडताना चिमटा, पाणी आणताना चिमटा. "कुंदा!" "कुंदा!" दादा म्हणाला, "माय, पोरगी हाय का दाराची घंटी?"

वडनेर म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक, हिंगणघाटच्याही पलीकडे. पाहुणे सकाळी निघून, वर्ध्याला गाडी बदलून येणार होते. आईने सांभारवड्या केल्या, पोह्यांची तयारी ठेवली. प्रश्न पेटीचा होता. मारामारीचा गेम दारात पाहून पाहुणे काय म्हणतील? हलवता तर येत नव्हती. शेवटी आईने तिच्यावर नवी फुलाफुलांची चादर टाकली, पार खालपर्यंत. वर देवीचा फोटो ठेवला, पुढे पितळेचं ताट आणि उदबत्ती. लाईन सकाळपासून नव्हतीच, त्यामुळे पेटी गप्प होती. दादाने मागचं बटण बंद केलं नाही, कारण बंद असलेली वस्तू कोणी बंद करत नाही.

पाहुणे आले ते घामाघूम. मुलगा, त्याची आई आणि तुकाराममामा. मुलाची आई ठेंगणी, गोल, डोळ्यांनी घर मोजणारी. छपरीत शिरताच तिला उदबत्तीचा वास आला, तिने चपला काढल्या आणि पेटीला हात जोडले. मग मुलाने जोडले. मग बाबांनाही जोडावे लागले. मुलाने हात जोडले खरे, पण चादरीखाली पुढे आलेल्या दोन टोकांकडे तो वाकून पाहत होता. मी पोह्यांची ताटली घेऊन दाराच्या फटीतून हे सगळं पाहत होते.

मी बाहेर आले, पोहे दिले, सांगितलं तिथे बसले. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मुलाच्या आईने सांभारवडी तोडली, चावली, मान डोलवली आणि विचारलं, "नाव काय व बाई तुझं?"

पाठीला चिमटा बसला. मी तोंड उघडलं. हवा आली. चिमटा पुन्हा बसला, जोरात. मामाने डोळे मिटून घेतले. बाबा जमिनीकडे पाहत होते आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर आष्टी स्पष्ट दिसत होती.

आणि लाईन आली. चादरीच्या आत आधी टुंग टुंग झालं, मग निळा उजेड फुलांतून बाहेर फुटला, आणि मग एक गडी पोटातून ओरडला, त्याच्यामागे ते गाणं, पूर्ण आवाजात. देवीचा फोटो थरथरला. मुलाच्या आईच्या हातून वडी पडली.

"देवाच्या अंगात आलं वो माय!"

दादा पेटीमागे धावला. पण मुलगा उठला होता. "राहू द्या, राहू द्या भाऊ! मले वाटलंच होतं," असं म्हणत त्याने फोटो अदबीने बाजूला ठेवला आणि चादर ओढली. बैलमान्या आणि खराटा एकमेकांना हाणत होते. आई भिंतीला टेकली. बाबांचा चेहरा पिकल्या मिरचीसारखा झाला.

"हे काय हाय बाप्पा?" मुलाच्या आईने विचारलं.

दादा अडखळत सांगायला लागला, "दोन घरचे लोक हायेत जी. एक घर हे, एक घर ते. एकत्र येतेत, आन मंग..."

"म्हंजे लग्नावाणी?"

"हो जी, तसंच."

"मंग भांडून काऊन राह्यले?"

"लग्नावाणीच," तुकाराममामा म्हणाला.

ती बाई जी हसायला लागली, ती थांबेचना. डोळे पुसत ती पेटीपाशी गेली आणि दांडा हलवून पाहायला लागली. "पोरीले येते का हे?" आई म्हणाली, "नाई नाई, ती कायले हात लावते," आणि त्याच वेळी दादा म्हणाला, "तिच्याएवढं कोणालेच येत नाई." बाईने माझा दंड धरून मला उठवलं आणि दुसऱ्या दांड्यापाशी उभं केलं. "दाखव मले."

मी उभी राहिले. समोर काच होती. सगळ्यांची तोंडं काचेकडे वळली, त्यांच्याकडे फक्त माझी पाठ उरली. दादाने खाचेतली पत्ती दाबून गेम चढवला. बाईने चेहऱ्यांवरून दांडा फिरवला, "हा घेतो जाडा," म्हणत बैलमान्या घेतला, आणि लगेच त्याच्या शेजारचा, त्याच घरचा, दुसरा घ्यायला निघाली.

"तसं नाई घेता येत!"

हे कोण बोललं म्हणून मीच दचकले. मुलगा म्हणाला, "काऊन नाई घेता येत?"

"एका घरचे दोघं नाई घ्याचे," मी काचेला सांगितलं. "सोयरे नाई होत ते. वर लिवलं हाय, वाचा."

"घेता येते जी. आमच्या हिंगणघाटले सारेच घेतेत."

"मशीन बिघडते!"

"कायचं बिघडते?" म्हणून त्याने हात पुढे घालून आपल्या आईच्या बाजूचं बटण दाबलं. मी डोळे मिटले. दादानेही मिटले असणार. काहीच झालं नाही. पेटीने एका घरचे दोघे गपचूप घेतले आणि गाणं पुढे सुरू झालं. सगळ्यांत जास्त धक्का बाबांना बसला. ते उठून काचेच्या इतके जवळ आले की त्यांचा श्वास काचेवर उमटला.

मला असा राग आला की विचारू नका. इतके दिवस आम्ही ज्या सोयरिकी लावल्या त्या काय उगीच? "मंग दोन घरं कायले ठेवले त्यानं?" मी म्हटलं. "एकाच घरात भांडाचं होतं तं जुनंच मशीन काय वाईट होतं? इतक्या दूरून त्यायले आणाचं, समोरासमोर उभं कराचं, आन मंग आपापल्यातच बसाचं? अशानं तं ओळखच नाई होत कोणाची!" पाठीला चिमटा बसला. आई मला गप्प बस म्हणून काढत होती, हे मला पुढे कळलं. पण आमची खूण ठरलेली होती. चिमटा म्हणजे बोल. मी आणखी बोलले. "तुमच्या हिंगणघाटले चालत असन. तुमच्या हिंगणघाटले लाईन जात नसन. आमचं पयल्याच दिवशी बंद पडलं होतं." चिमटा. "आन आता घेतलेच हायेत दोघं, तं लढवा. पाहू द्या मले."

बाईने हसत हसत दांडा मुलाच्या हाती दिला. मी खराटा घेतला तिकडचा आणि वहिनी इकडची, आणि आम्ही लढलो. तो चांगला खेळायचा, खोटं कशाला बोलू. पण तो कोपऱ्यात बसून राहायचा, मी पुढे आले की मारायचा. "असे काऊन बसून राह्यले जी? बस चुकली का तुमची?" मी म्हटलं. मामा खो खो हसला. चिमटा बसला. "या ना बाहेर. आले का? आता जाजो नका." सांभाराचा पिळा दिला, गोळा सुटला, बैलमान्या आडवा. त्याचा दुसरा आला. मुलगा काही म्हणायला गेला, "तुम्ही जरा..." आणि मी म्हटलं, "बोलू नका, पाहा तिकडं," आणि दुसराही आडवा. वहिनीने काचेत हात वर केले. दादाने टाळी वाजवली आणि बाबांकडे पाहून लगेच हात मागे लपवले.

मी वळले. दहा डोळे, बारा डोळे, सगळे माझ्या तोंडावर. जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच. निघताना मी पाहुण्यांच्या पाया पडले तेव्हा बाई म्हणाली, "आता काऊन चूप व?" चिमटा बसला नाही. आईच्या बोटांत जीव उरला नव्हता.

त्यानंतरचे दिवस आम्ही निरोपाची वाट पाहण्यात घालवले. पेटी गातच होती. मग एका दुपारी मामा आला, नेहमीसारखा रस्त्यावरूनच बोलत. "नाई म्हणते वडनेरवाले!" आईने हातातला विळा खाली ठेवला. बाबा छपरीत उभे राहिले. मामा पाणी प्यायला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "पोरगी कामाची हाय म्हणे, रंगरूप चांगलं, वड्या तं लयच आवडल्या. पण बोलते लय. माह्या पोट्ट्याले एक शब्द बोलू देल्ला नाई, म्हणे. अशी बोलकी सून झेपणार नाई आमच्यानं."

मग आई म्हणाली, "काय म्हणते? परत सांगजो."

"बोलते लय, म्हणते."

"मोठ्यानं सांग ना, भाऊ!" आयुष्यात पहिल्यांदा कोणी मामाला मोठ्याने बोलायला सांगितलं. तो रस्त्यात जाऊन ओरडला. समोरच्या चक्कीवरचे लोक बाहेर आले. आई पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही, बहुतेक दोन्ही. त्या संध्याकाळी तिने पुरणाच्या पोळ्या केल्या. मुलीला नकार आला म्हणून पुरण शिजलेलं तळेगावात ते एकच घर असेल. बाजारात तर ती जुडीबरोबर बातमीही द्यायची: "माह्या पोरीले नाई म्हटलं, वडनेरवाल्यायनं. लय बोलते म्हणे!"

ही बातमी आष्टीला पोचायला वेळ लागला नाही. बिजवराचा निरोप मामाच घेऊन आला. त्याला म्हणे शांत बाई पाहिजे होती, फसवणूक नको. बाबांनी निरोप ऐकला, तंबाखू मळली, आणि एवढंच म्हणाले, "बरं झालं. लांबच होतं आष्टी." आष्टी आमच्यापासून जिल्ह्यात सगळ्यांत जवळ होती.

पुठ्ठ्याचं काय करायचं, असा प्रश्न दादाने काढला. पोट्ट्यांना हिंगणघाटची बातमी लागली होती, त्यांना आता एका घरचे दोघे हवे होते. बाबांनी पुठ्ठा काढू दिला नाही. 'मशीन बिघडते' एवढे शब्द मात्र स्वतः चुन्याने पुसले. पेटी जाईपर्यंत आमच्या छपरीत एक इकडचा आणि एक तिकडचाच लढला. माझं लग्न पुढे आर्वीकडे झालं, ह्यांच्याशी. हे पाहायला आले तेव्हा हेच काही बोलले नाहीत आणि मीही नाही. मामाने दोघांच्या वतीने बोलून टाकलं. तेव्हा माझ्यासोबत नवऱ्याच्या घरी काय आलं म्हणाल, तर तेवढा पिळा आणि ती सवय. प्रणाली, तू विचारलंस ना, ते हे. तू त्या घरची, मी या घरची, आणि आपण एकाच बाजूने लढतो तेव्हा मला बरं वाटतं. दोघी हरलो तरी.

पण पुरणपोळीनंतरच्या पहिल्या बाजाराचं लिहायचं राहिलं. आई कोणाकडे सुटे मागायला गेली होती आणि मी दुकानावर एकटी होते. पुढे कोणतीच काच नव्हती. त्याच काकू आल्या, पहिल्या. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली नसावी. त्यांनी माझ्याकडे मायेने पाहिलं, दोन जुड्या उचलून काखेत धरल्या, दोन बोटं वर केली, सांभाराकडे दाखवलं, भुवया उंचावल्या. माझा हात सवयीने वर निघाला. मी तो मांडीखाली दाबला आणि सांभाराच्या ढिगाकडे बघत, जणू तो ढीगच पडदा आहे असं समजून म्हटलं, "काकू, दोन पाहिजेत का? मंग तोंडानं सांगा ना. मले ऐकू येते."

काकूंनी एकदम दोन्ही जुड्या खाली टाकल्या. मग त्यांनी भाव केला, मीही केला, आणि त्या दिवशी त्यांनी एक जुडी जास्त घेतली नाही.